चालू झाली काय?

आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात भूत मानत नाहीत.

आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातला अंगारा-धुपारा, लिंबू-मिरची सगळं उकिरड्यावर गेलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या अंगात येत नाही की कुणाला बाहेरचं लागत नाही. त्यामुळे मी काही रचून सांगतोय असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी इथूनच माघारी फिरावं. मला रचता येत नाही.

हे घडलं ते माझ्या आईच्या चुलतभावाबरोबर. देवमन मामा. वाशीमकडच्या मालेगावला मेकॅनिक होता. गोष्टीत मी त्याला नुसतं देवमनच म्हणतो, कारण तेव्हा तो माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान होता.

साल चौऱ्याहत्तर. वैशाख महिना. वेळ भर दुपारची.

भुतांनी रात्रीच यावं असा काही कायदा नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं तर म्हणतात, रात्र परवडली पण बाराचं ऊन नको.

जागा म्हणजे शेलूबाजार आणि मालेगावच्या मधल्या एका गावाची फरशी. ओढ्यावरचा बुटका दगडी पूल. गावाचं नाव सांगत नाही. ज्याच्यावर हे बेतलं त्याची नातवंडं अजून तिथंच राहतात, भेटली की चहा पाजतात.

त्या दुपारी देवमन गॅरेजसमोरच्या निंबाखाली बसून काम करत होता. एक माणूस सायकल तशीच धुळीत टाकून त्याच्याकडे धावत आला. मदनसिंग ड्रायव्हर. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"उस्ताद, चला. गाडी बंद पडली. सेल्फ मस्त फिरते, पन इंजिन पकडत नाई. करंटच नाई येऊन राह्यला."

"कोनाची गाडी?"

मदनसिंग खाली पाहू लागला. तो कुणाची गाडी चालवतो हे सगळ्या मालेगावला माहीत होतं, देवमनलाही.

"रामराव पाटलाची," तो शेवटी म्हणाला. "फरशीवर उभी हाये. पाटलाची लेक रुख्मिणी हाये आत, पयल्या बाळंतपनाले आल्ती. पहाटपासून कळा देऊन राह्यली. सुईन म्हनते लेकरू आडवं हाये. वाशीमले नाई पोचलो तं दोघंबी जातीन."

देवमनच्या हातातला पाना थांबला.

फरशी. अडलेली बाई. तीच जीप. आणि करंट नाही.

इथं थोडं मागं जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, देवमनची धाकटी बहीण भागिरथा अशीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचंही असंच अडलं. गावात जीप एकच, रामराव पाटलाची. देवमन पळत त्याच्या दारात गेला.

"नेली असती रे बापा," रामराव म्हणाला. "पन बंद हाये. करंट येत नाई."

आता मेकॅनिकला असं सांगायचं म्हणजे सोनाराला पितळ दाखवायचं. देवमननं बॉनेट उचललं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. जुन्या पेट्रोलच्या गाडीत कॉईलमधून आलेला करंट एकेका प्लगला वाटून द्यायला एक काळा तुकडा त्या टोपीखाली फिरत असतो. अंगठ्याएवढा. डोक्यावर पितळेची पट्टी. तो काढून घेतला की दिवसभर सेल्फ मारा. इंजिन घरघर फिरेल, पण ठिणगी काही पडणार नाही. गाडी कुणी पळवू नये म्हणून त्या काळी काही मालक तो काढून जवळ ठेवत. रामरावची तर ती सवयच होती. जीप उभी राहिली की रोटर त्याच्या बंडीच्या खिशात.

"पाटील, रोटर कुठी हाये?"

"मले काय माईत? चोरला असंन कोनी."

असं म्हणताना त्याचा हात बंडीच्या खिशावर होता.

दुसऱ्या दिवशी त्याच जीपमधून त्याच्या पुतण्याची वरात निघायची होती. सीटवर नव्या मखमली गाद्या घातल्या होत्या. त्यावर अडलेली बाई झोपवायची, म्हणजे विटाळ. आणि तीही बौद्धपुऱ्यातली. तोंडानं तो यातलं काहीच बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

मग बैलगाडी जुंपली. असंच ऊन होतं. भागिरथाला वाटत होतं, जीप मागून येतेच आहे. एक कळ गेली की ती विचारायची,

"दादा, चालू झाली काय?"

"झाली भागे, झाली. येऊनच राह्यली."

देवमन खोटं बोलायचा. दुसरं काय बोलणार?

फरशीवर तिनं शेवटचं विचारलं. त्याचं उत्तर ऐकायला ती राहिली नाही. पोटातलं लेकरूही गेलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फरशीवरून जीप वाजतगाजत गेली. देवमननं गाव सोडलं ते तेव्हा.

तर असा तो देवमन. निंबाखालून उठला, पान्यांची पिशवी घेतली, खुंटीवरचं काळं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि सायकलवर मागं बसला. मदनसिंगला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे!

कसलं मोठं मन. मामानं मला स्वतः सांगितलं आहे.

"मी जीप नीट कराले नाई गेल्तो. मी त्याचं तोंड पाह्याले गेल्तो."

जीप फरशीच्या मधोमध उभी होती.

मागं आडवी पडलेली रुख्मिणी. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई तुळसाबाई पदरानं वारा घालत होती. पुढं रामराव. देवमनला पाहून त्याचा चेहरा पडला. पण गरजवंताला अक्कल नसते. त्यानं हात जोडले.

"देवमन, बापा... पोर जाते रे माही."

देवमननं पिशवी खाली ठेवली. बॉनेट उचललं.

पहिलं काम, ठिणगी पडते का ते पाहायचं. प्लग खोलायचा, वायर लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. पण भर उन्हात ठिणगी दिसत नाही. म्हणून देवमनकडे ते घोंगडं असायचं. ते डोक्यावरून घ्यायचं, बॉनेटवर पसरायचं, आत गुडुप अंधार करायचा. मग बारीकशी ठिणगीसुद्धा दिसते.

तो घोंगड्याखाली शिरला.

"मार!"

मदनसिंगनं सेल्फ मारला. घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

काही नाही. नुसता काळोख.

त्यानं कॉईलची जाड वायर टोपीतून उपसली, लोखंडाजवळ धरली. "मार!" टक् टक् टक्... निळीभोर ठिणगी. म्हणजे कॉईल ठीक, पॉईंट ठीक. करंट इथवर येतो आणि प्लगपर्यंत जात नाही. मधे राहिलं काय? टोपी आणि रोटर.

घोंगड्याखाली देवमन हसला. पाटलानं सवयीनं रोटर खिशात घातला आणि विसरला की काय!

घोंगडं सारून त्यानं टोपी काढली.

रोटर जागेवर होता. धडधाकट. टोपीलाही कुठं तडा नाही. फडक्यानं पुसून त्यानं सगळं परत बसवलं, वायरी लावल्या आणि प्लग हातात धरून पुन्हा अंधारात शिरला.

"मार!"

घर्रर्र... घर्रर्र...

ठिणगी नाही. पण...

प्लग धरलेल्या हाताला गार लागलं.

वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या इंजिनवर, त्याच्या हातावर एक ओला, गार तळवा टेकला होता. प्लगचं टोक त्या तळव्याखाली झाकलं गेलं होतं.

"थांब!" तो ओरडला. सेल्फ थांबला. सगळं शांत झालं.

आणि मग... घोंगड्याच्या आत कुणीतरी धापा टाकत होतं.

कळा देणारी बाई टाकते तशा. त्याला वाटलं, मागं रुख्मिणीच आहे. पण रुख्मिणी जीपच्या मागच्या टोकाला होती, आणि हा श्वास त्याच्या गालावर येत होता.

"दादा... चालू झाली काय?"

देवमननं घोंगडं फेकलं आणि तो धडपडत मागं सरला. बॉनेटखाली कुणी नव्हतं. मदनसिंग बावचळून पाहत होता.

"काय झालं उस्ताद? शॉक बसला काय?"

देवमनला भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीच्या मागोमाग दुसरंच काही वर आलं. त्याला बरं वाटलं. भागी होती ही. भागीनं करंट धरून ठेवला होता. त्याच फरशीवर, त्याच जीपचा, त्याच माणसाला बसवून.

बसू दे. कळू दे त्याला, एकेक श्वास मोजत बसणं कसं असतं ते.

त्यानं शांतपणे टोपी काढली. रोटर उपसला आणि रामरावच्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाये पाटील?"

"रो... रोटर."

"भागी अडली तव्हा कुठी होता हा?"

रामराव बायकोकडे पाहू लागला. तुळसाबाईचा वारा घालणारा हात थांबला.

"सांगा ना," ती म्हणाली. "मले तं म्हनलं होतं तुमी, जीप बिघडली म्हून."

मागून रुख्मिणी किंचाळली. रामरावचा हात आपोआप बंडीच्या खिशाकडे गेला.

"इथं होता," तो म्हणाला. "खिशात."

दोन वर्षं देवमनला हेच ऐकायचं होतं. त्यानं रोटर मडगार्डवर ठेवला आणि घोंगडं झटकून घडी घालायला सुरुवात केली.

"मंग बसा. बैलगाडी बलावली असंन ना? येईन ती. मी जातो."

तो खरंच निघाला होता. पिशवी खांद्याला लावली, पाठ फिरवली.

"दादा..."

तो थबकला.

"दादा... चालू झाली काय?"

तेच शब्द. तसाच तुटका श्वास.

पण हा आवाज घोंगड्यातून आला नव्हता. जीपच्या मागून आला होता. रुख्मिणीनं मान उचलून त्याच्याकडे पाहिलं होतं. ओठ फुटलेले, केस कपाळाला चिकटलेले. भागिरथानं इथंच काय विचारलं होतं ते तिला काय माहीत. समोर गाडी दुरुस्त करणारा माणूस दिसला, त्याला तिनं दादा म्हटलं.

देवमनचा राग तिथंच बसला. रामरावला तो कधीच माफ करणार नव्हता, पण ही पोर रामराव नव्हती.

तो परत फिरला. घोंगडं ओढून घेतलं आणि बॉनेटखाली शिरला. या वेळी त्यानं सेल्फ मारायला सांगितलं नाही.

"भागे," तो अंधारात हळूच म्हणाला. "सोड वं. तिनं काय केलं तुह्यं? तीबी तुह्यासारखीच माहेरी आली."

धापा चालू होत्या. अगदी जवळ.

"तुह्यं लेकरू गेलं. तिचं नोको जाऊ देऊ. मी पाया पडतो तुह्या."

धापा थांबल्या...

मग कानाशी आवाज आला. हा विचारणारा आवाज नव्हता. भागीचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

"त्याले उतरव."

देवमननं अंधारातच प्लग आवळला, टोपी बसवली, क्लिपा लावल्या. बाहेर येऊन बॉनेट पाडलं.

"पाटील, खाली उतरा."

"काहून?"

"तुमी बसले तं गाडी चालू होनार नाई."

भागीनं कुठं जीव सोडला, ते रामरावला सांगायची गरज नव्हती. रामरावनं दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरला. "मी नाई उतरत. इथं नाई! देवमन, मले इथं एकट्याले नोको ठेवू रे!"

तुळसाबाईनं आयुष्यात नवऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता.

"उतरा खाली!" ती ओरडली. "माही पोर मरून राह्यली अन् तुमाले सीट सुटत नाई? उतरा!"

तो उतरला.

"मार," देवमन म्हणाला.

पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. असं गोड लागलं की नवीन गाडीचंही लागत नाही.

देवमन मदनसिंगशेजारी चढून बसला. जीप सुटली तसा रामराव मागं धावला. मागच्या फळीला त्यानं हात घातला मात्र, इंजिन खाकरलं, अडखळलं, बंद पडतंय असं झालं. तुळसाबाईनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटलं आणि इंजिन मोकळं झालं.

देवमननं मागं वळून पाहिलं.

फरशीवर रामराव एकटाच उभा होता. डोक्यावर सूर्य. पायाशी गोळा झालेली त्याची सावली.

आणि त्या सावलीला लागून... आणखी एक सावली होती.

माणूस मात्र एकच.

वाशीमच्या दवाखान्यात रुख्मिणी सुटली. मुलगी झाली. दोघी वाचल्या. तुळसाबाई देवमनच्या पायाशी वाकायला लागली, तो मागं सरला. त्याच्या डोक्यात फरशीच होती.

ऊन कललं तेव्हा मदनसिंग जीपपाशी गेला. मालकाचा नियम होता, गाडी उभी केली की रोटर काढायचा. त्यानं टोपी काढली आणि तिथूनच हाक मारली.

"उस्ताद! रोटर तुमी काढला काय?"

देवमन धावत गेला.

टोपीखाली काहीच नव्हतं.

मडगार्डवर पाहिलं. सीटखाली पाहिलं. पान्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. मदनसिंगनं सेल्फ मारून पाहिला. घर्रर्र... घर्रर्र... इंजिन फिरत राहिलं, लागलं नाही. लागणारच नव्हतं. पण हीच जीप फरशीपासून वाशीमपर्यंत एकदाही न खाकरता आली होती.

गावातून बोलावलेली बैलगाडी फरशीवर पोचली, तेव्हा रामराव कठड्याला टेकून बसला होता. उघडे डोळे. हाक मारली तर ओ नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. उन्हानं माणसं मरतात, त्यात नवल नाही.

तोंडात पाणी घालायला गेले तर जबडा उघडेना. दोघा-तिघांनी मिळून उघडला. पाणी आत जाईना, तसंच बाहेर यायला लागलं. मग कुणीतरी बोट घालून पाहिलं...

घशात काळा तुकडा अडकला होता. अंगठ्याएवढा. डोक्यावर पितळेची पट्टी.

तेरवी झाल्यावर मदनसिंगनं तो चिंधीत गुंडाळून गॅरेजवर आणून दिला. तुळसाबाईला तो घरात नको होता आणि फेकायची हिंमत कुणाची होत नव्हती. मी तो पाहिला आहे. मामाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या प्लगांच्या खाली. त्याच्यावर दातांच्या खुणा आहेत.

मी शिकलेला माणूस. मी मामाला एकदा छेडलंच.

"मामा, तुम्ही घाईत रोटर बसवायचाच विसरला असाल. तो मडगार्डवर राहिला, फरशीवर पडला. रामरावनं उचलला आणि भीतीपोटी... माणूस भीतीनं काहीही करतो."

मामानं डब्याचं झाकण लावलं.

"असंन," तो म्हणाला. "बसवला का नाई, मले खरंच आठवत नाई. मी नाई बसवला म्हनू. मंग जीप कशावर चालली?"



खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती.

गेल्या उन्हाळ्यात मी मामाला भेटायला गेलो होतो. आता तो पार थकलाय, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. दिवसभर अंगणात निंबाखाली बाजेवर पडून असतो. शेलूबाजारकडून येताना मी त्याच फरशीवरून आलो होतो. आता तिथं मोठा पूल आहे, कुणाला सांगूनही पटणार नाही.

दुपारी निघालो. गाडीत बसलो, चावी फिरवली.

घर्रर्र... घर्रर्र...

लागेना. माझ्या गाडीत रोटर नाही. आताच्या गाड्यांत तो असतच नाही. बॅटरी नवी, टाकी भरलेली. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच.

बाजेवरून मामानं आवाज दिला.

"गाडीत कोन बसून हाये?"

"मीच मामा."

"अन् मांगं?"

मी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मी एकटाच आलो होतो.

मामा उठला. काठी टेकत, चाचपडत गाडीपर्यंत आला. मला वाटलं माझ्या काचेशी थांबेल. पण तो पुढं सरकला आणि मागच्या दारापाशी उभा राहिला. काचेवर हात ठेवला, झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा.

"झाली वं बाई," तो म्हणाला. "झाली चालू. उतर आता."

मी अजून तिसऱ्यांदा चावी फिरवली नव्हती.

मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला...

ते उघडल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मी चावी फिरवली, गाडी पहिल्याच फटक्यात लागली. मामा दारापाशीच उभा होता, मान थोडी कलती करून, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मी त्याचा निरोपही घेतला नाही.

मालेगाव मागं पडेपर्यंत मी आरशात पाहिलं नाही.